ब्राह्मणपुरीच्या परदेशी गाडीची किंमत

आमच्या धंद्याला लोक ‘एजंट’ म्हणतात आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. त्याचं वाईट वाटेनासं होऊन मला बरीच वर्षं झाली. नंदुरबारला आरटीओच्या रस्त्यावर एक टेबल, दोन खुर्च्या, वर ताडपत्री आणि खणात शाईचा पॅड, टाचण्या, कोरे फॉर्म, एवढ्या भांडवलावर मी संसार केला, दोन मुलींची लग्नं केली. लोकांना वाटायचं, हा माणूस फक्त खिडकीतून कागद आत सरकवतो. सरकवत होतोच, नाही म्हणत नाही. पण कोणता कागद कुठल्या कागदाच्या वर ठेवायचा, यातही एक अक्कल असते आणि ती शाळेत शिकवत नाहीत.

आमचा जिल्हा गुजरातला चिकटलेला. इकडच्या माणसाला गाडी घ्यायची झाली की तो आधी सुरतेला कोण नातेवाईक आहे ते आठवतो. तिकडची जुनी गाडी इकडे आणली की महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि तिथून माझं काम सुरू व्हायचं. कर किती टक्के, यावर कोणी भांडत नाही, कारण तो आकडा वरून ठरून येतो. भांडण असतं ते गाडीच्या किमतीवर. ती नवी असताना किती रुपयांची होती ते पाहायचं, मग तिच्या वयाप्रमाणे घट धरायची, उरेल ती सरकारदरबारी तिची किंमत. तुम्ही ती फुकट आणली, हुंड्यात आणली की भाच्यानं प्रेमानं दिली, सरकारला त्याच्याशी देणंघेणं नाही.

त्यामुळे माणसांची मोठी गंमत व्हायची. धानोऱ्याचे एक दुकानदार सुरतेहून गाडी घेऊन आले. कर लागला तसे ते थेट मेहुण्यालाच साक्षीला घेऊन आले. मेहुणा साहेबांसमोर हात जोडून आमच्या अहिराणीत म्हणाला, “साहेब, हाई गाडी म्हन्जे निस्ता खटारा शे. आमना घर कोनी इन्हामा बठे बी नही.” साहेबांनी मान हलवली आणि फाईल बंद केली. संध्याकाळी तेच दुकानदार बाजारात चार लोकांना गाडीचं इंजिन उघडून दाखवत होते, कसं घड्याळासारखं चालतं म्हणून. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या कागदांत पाहिलं, तर गाडीचं वयच एका वर्षानं कमी धरलं होतं. नोंदणीचं जुनं पुस्तक लावलं, अर्ज केला, किंमत खाली आली. आख्ख्या धानोऱ्यात बोभाटा झाला की नाना किंमत पाडून देतात.

नाना म्हणजे मी. या बोभाट्याचा मला अभिमान वाटायचा. आज लिहिताना त्याच अभिमानाचा राग येतो.

ब्राह्मणपुरीचे मगन आबा माझ्याकडे आले ते ती कीर्ती ऐकून. शहाद्याजवळचं हे गाव कुणाला माहीत नाही असं नाही, पण आबांचं घर विचारायचीही गरज नव्हती. केळी, पपई, ऊस, दारात ट्रॅक्टर, शब्दाला वजन. पांढरं धोतर, पांढरी टोपी. उन्हातून आले होते, तरी खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी हातातल्या रुमालानं ती झटकली.

“नाना, मन्हा पोऱ्यानी गाडी परदेशमाईन उनी शे,” ते म्हणाले. “तिन्हावर टॅक्स भलताच लायेल शे. लोके सांगतस, तुम्ही किंमत पाडतस.”

पोरगा म्हणजे प्रवीण. आमच्याकडची बरीच मुलं साखर कारखान्यात काम शिकतात आणि त्यातली काही पूर्व आफ्रिकेतल्या कारखान्यांत जातात. तिथे इकडच्या फिटरला, केमिस्टला मान आहे. प्रवीण तिथे सात-आठ वर्षं होता. एका हंगामात ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याची साखळी तुटली आणि त्याच्या पाठीवर आली. जीव वाचला. कमरेखालचं शरीर गेलं. बरेच महिने तिथल्या इस्पितळात काढून तो कायमचा घरी परतला आणि येताना त्यानं आपली गाडी जहाजानं आणली.

ती गाडी त्याच्यासाठी बदललेली होती. गिअर आपोआप पडायचे आणि ब्रेक, अॅक्सिलरेटर पायाऐवजी हातानं चालवायला स्टिअरिंगच्या बाजूला दोन दांड्या बसवल्या होत्या. आबा सांगत होते की गाडी गावात आली त्याच संध्याकाळी प्रवीण एकटा ती घेऊन केळीच्या शेतापर्यंत गेला. घरातले सगळे घाबरून मागे धावले. पाहतात तर तो बांधावर गाडी लावून, काच खाली करून नुसता बसला होता.

“आठ महिनामा पहिल्यांदा हसना तो,” आबा म्हणाले. “गाडी गयी तं पोऱ्या बी गया समजा.”

बाहेरच्या वाचकांसाठी ही भानगड सोपी करून सांगतो. परदेशातली वापरलेली गाडी आली की बंदरावर कस्टमवाले तिची किंमत ठरवतात. पद्धत आमच्यासारखीच, फक्त पुस्तक वेगळं. ती नवी असताना कंपनीच्या यादीत काय भाव होता, त्यातून वयाची घट, वर जहाजाचं भाडं. त्यावर जो कर बसतो तो गाडीच्या किमतीहून कमी नसतो. मग आमच्या आरटीओचा कर त्या सगळ्या बेरजेवर. म्हणजे पायाची एक वीट जाड बसली की सगळी भिंत वाढत जाते. प्रवीणच्या गाडीच्या बाबतीत दोन विटा जाड बसल्या होत्या. एक, त्या नावाच्या दोन मॉडेलपैकी महागडं मॉडेल धरलं होतं. दोन, हाताच्या दांड्या ‘खास बसवलेलं जादा साहित्य’ म्हणून किमतीत मिळवल्या होत्या. आबांनी बँकेची हमी दिली, म्हणून गाडी तात्पुरती सोडली होती. वाद हरलो तर पूर्ण कर भरायचा, नाहीतर गाडी सरकारला सोडून द्यायची. नियमाप्रमाणे ती दोन वर्षं विकताही येत नव्हती.

कस्टमचं काम मी पूर्वी केलेलं नव्हतं. हे आबांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात धानोरा होतं. मी म्हणालो, “करसूत आबा. किंमत म्हन्जे किंमत, आठली काय नि तठली काय.”

त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी ब्राह्मणपुरीला पाच-सहा वेळा गेलो. आबा ओट्यावर सतरंजी टाकायचे, चहा यायचा, मी कागद पसरायचो. प्रवीण आत, दारापासून चार हातांवर, खाटेवर असायचा. ओट्यावरून त्याचे पांघरलेले पाय दिसायचे. आमच्याकडे रीत अशी, की घरात मोठं माणूस असताना बाहेरचा माणूस त्याच्याशीच बोलतो. जमीन मुलाच्या नावावर असो, गाडी मुलाच्या नावावर असो, बोलणी बापाशी. मीही त्याच रीतीतला. एकदा मी आत पाहून विचारलं, “प्रवीण, गाडी किती चाललेली आहे रे?” तो उत्तर द्यायच्या आत आबाच म्हणाले, “त्याले काय इचारतस? त्याले आराम करू द्या. मी सांगस ना.” आणि त्यांनी सांगितलं. आकडा चुकीचा होता हे मला नंतर कळलं.

गाडी पाहिली, तीही आमच्या पद्धतीनं. म्हणजे बॉनेट उघडलं, चेसिस नंबरावर कागद धरून वर पेन्सिल घासली, उमटलेले आकडे कागदांशी ताडून पाहिले आणि बॉनेट बंद केलं. आमच्या धंद्यात गाडी म्हणजे तिचा नंबर. दाराला पोचा होता, बॉनेटचा रंग खाऱ्या हवेनं उडाला होता, हे मला ओझरतं दिसलं होतं. आनंदच झाला. मॉडेलबद्दल नि दांड्यांबद्दल माझ्या हाती पुरावा नव्हता, म्हणून अर्जात एवढंच लिहिलं की गाडीची स्थिती खराब आहे, जादा वापर झालेला आहे, सबब तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष तपासणी व्हावी. मराठीत लिहून मग एका वकिलाच्या मुलीकडून इंग्रजी करून घेतलं. चार पानी अर्ज झाला. मला तो फार आवडला होता, दोनदा मोठ्यानं वाचून पाहिला.

अर्ज मान्य झाला. तपासणीला इंजिनिअर साहेब येणार असं पत्र आलं. मी आबांना फोन करून दिवस सांगितला, घरी कोणीतरी थांबा म्हणालो आणि फोन ठेवला. दुसरं काही सांगायचं सुचलं नाही. गाडी आहे तशी राहू द्या, हे एक वाक्य मी बोललो असतो, तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

त्या दिवशी मी साहेबांना नंदुरबारहून घेऊन ब्राह्मणपुरीला पोचलो. अंगण शेणानं सारवलेलं. मधोमध गाडी. मी आधी ओळखलीच नाही. पोचे काढलेले, अख्खी गाडी शहाद्याच्या गॅरेजमधून रंगवून आणलेली, चार नवे टायर, सीटला मखमली कव्हर. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूचा हार. आणि त्या हाताच्या दांड्या, त्यांना चांदीसारखं निकेल चढवलेलं.

आबा धोतराची घडी सावरत पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. बैल बाजारात न्यायचा तर आपण त्याला धुतो, शिंगं रंगवतो. मुलगी दाखवायची तर घर झाडतो. मोठा माणूस आपल्या दारची वस्तू पाहायला येणार, तर ती मळकट कशी ठेवायची? त्यांच्या सात पिढ्यांत कोणी ठेवली नव्हती.

इंजिनिअर साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं, दांड्या हलवून पाहिल्या. मग मला हळूच म्हणाले, “तुम्ही अर्जात खराब लिहिलं आहे. मी डोळ्यांना दिसतं ते लिहिणार. माझा इलाज नाही.” त्यांनी लिहिलं, गाडी उत्तम स्थितीत, खास साहित्य उंची प्रतीचं. पुरणपोळीचं जेवण झालं. आबांनी त्यांना टॉवेल-टोपी दिली.

साहेबांना शहाद्याच्या बसस्टँडवर सोडून मी परत ब्राह्मणपुरीला गेलो आणि आबांवर ओरडलो. ओट्यावर, चार शेजाऱ्यांसमोर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसावर. मी म्हणालो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? किंमत कमी करायची होती आणि तुम्ही गाडी नवरीसारखी नटवून बसलात!

आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “साहेब देखाले येतीन म्हने. मंग गाडी तशी फुटेल-तुटेल काब्र ठेवानी? लोके काय म्हनतीन, लंगडा पोऱ्यानी गाडी बी लंगडीच शे?”

आत खाटेवर प्रवीण होता. त्यानं हे सगळं ऐकलं, माझंही आणि बापाचंही.

निकाल यायचा तसाच आला. अहवालाच्या आधारे मूळ किंमत कायम. पुढे अपील होतं, पण त्याला आधी रक्कम भरायची आणि वर्षानुवर्षं थांबायचं. आबा शेतीचा तुकडा काढायला तयार होते. प्रवीणनं आतून पहिल्यांदा आवाज चढवून नाही म्हटलं. त्याच्या दोन लहान भावांची पोटं त्याच जमिनीवर होती. गाडी सरकारला सोडून देत असल्याचं पत्र मीच टाइप करून घेतलं, त्याची सही घेतली, पाठवलं. मंजुरी आली. एका ठरल्या दिवशी गाडी नंदुरबारला सरकारी आवारात जमा करायची होती.

मी ड्रायव्हर ठरवतो म्हणालो. आबांचा फोन आला, “नाना, प्रवीण सांगस, तोच लई जाई. तुम्ही त्यान्हासंगे बठा. मी मांगे जीपमा येस.”

गाडीचा तात्पुरता नंबर केव्हाच संपला होता. उभ्या आयुष्यात मी बिनकागदाच्या गाडीत पाय ठेवला नव्हता, गिऱ्हाइकांनाही ठेवू दिला नव्हता. त्या दिवशी बसलो.

त्याला चालवताना मी प्रथमच पाहत होतो. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा त्या निकेलच्या दांड्यांवर. एक दांडी पुढे लोटली की ब्रेक, दुसरी खाली दाबली की वेग. शहाद्याच्या गर्दीतून त्यानं गाडी अशी काढली की मला माझी स्कूटर आठवून लाज वाटली. प्रकाशा गावाच्या पुलावर आल्यावर त्यानं वेग कमी केला आणि थोडा वेळ तापीकडे पाहत चालवत राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “दांड्या छान बसवल्यात. तिकडच्या कंपनीनं केलं का?”

“कंपनी कसानी, नाना,” तो म्हणाला. “आमना कारखानाना फिटर लोकेस्नी करी दिध्यात. भंगारना पाइप नि सायकलनी ब्रेकनी तार. सुटी व्हयनी का थांबेत नि मन्हासाठे करेत. एक पैसा लिधा नही.”

म्हणजे जिची किंमत ‘जादा साहित्य’ म्हणून धरली, ती वस्तू भंगारातली होती. मी विचारलं, “याचा काही पुरावा आहे का रे?”

“मन्हा मोबाइलमा सगळा फोटो शेतस. दांड्या करतानाना शेतस. बंदरवर गाडी उतरनी तवयना शेतस, पोचा पडेल, रंग जायेल. गाडी लिधी ती पावती बी शे. स्वस्तवालं मॉडेल शे ते तिन्हावर लिखेल शे.”

मग मी विचारलं ते विचारायला नको होतं. “मग तू बोलला का नाहीस?”

त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. रागावलाही नाही. “आबा सांगेत, तू पडी ऱ्हाय. नि माले वाटनं, तुम्ही जानकार मानूस. लागतंच तं तुम्ही इचारतात.”

जानकार माणूस. दोन महिने मी त्या ओट्यावर चहा पीत होतो आणि सगळी केस चार हातांवर खाटेवर, त्याच्या उशीशी पडलेली होती. एक प्रश्न मी टाकला, त्याचंही उत्तर त्याच्या तोंडून घेतलं नाही. आबांवर चारचौघांत ओरडलो, त्यांनी गाडी रंगवली म्हणून. त्यांनी नसती रंगवली तरी चाललं असतं आणि रंगवली तरीही चाललं असतं, त्या मोबाइलमधले फोटो अर्जाला जोडले असते तर. मी त्याला म्हणालो, अजून काही करता येतं का बघतो. त्यालाही माहीत होतं की सोडपत्र मंजूर झालेलं आहे आणि ते माझ्याच हातानं गेलेलं आहे. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, नाना.”

नंदुरबार जवळ आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या, लांबपर्यंत लाल. काच खाली होती. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं आणि मिरचीमुळे आलं असं त्याला वाटू दिलं.

आवारात कारकुनानं जमापावती भरायला घेतली. चेसिस नंबर मी पाठच सांगितला. “गाडी आणणाऱ्याचं नाव?” त्यानं विचारलं. तोवर आबा जीपमधून उतरून आले होते. सवयीनं त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि कारकुनाला म्हणालो, “गाडीत बसलाय, त्याला विचारा.”

कारकून खिडकीशी गेला. प्रवीणनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. “मीच चालवत आणली,” म्हणाला. पावतीवर त्यानं स्टिअरिंगवर कागद ठेवून सही केली, किल्ली काढून दिली. मग सीटखालून एक छोटा पाना काढला आणि कारकुनाला विचारलं, “दांड्या सोडवून घेतल्या तर चालतील का? मित्रांनी दिलेल्या आहेत.”

कारकुनानं यादी पाहिली. यादीत त्या होत्या, उंची प्रतीच्या, किमतीसकट. तो ओशाळून म्हणाला, “नाही चालणार हो. त्यांची किंमत धरलेली आहे.”

प्रवीणनं पाना परत सीटखाली ठेवला.

आबांनी गाडीचं दार उघडलं. जीपचा ड्रायव्हर मदतीला येत होता, आबांनी त्याला हातानंच थांबवलं आणि मागून मुलाच्या काखेत हात घातले. मी पुढून वाकलो. मग थांबलो आणि विचारलं, “प्रवीण, कसं धरू?”

“गुडघाखालतीन धरा, नाना. दोन्ही पाय संगेच,” तो म्हणाला.

मी तसे धरले. पाय फार हलके होते. आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी त्याला उचलून जीपच्या मागच्या बाकावर आडवा ठेवला.